भिंगरीचा संडे

३ मार्च

ताईंना,

पत्र कोणाचं ते बघायला आधी खालची सही शोधाल, म्हणून इथेच सांगून टाकते. तुमची भिंगरी ज्या घरात राहते, त्या घरात आता मी असते. लग्नाला सात महिने झाले. तुमचं नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने हाक मारण्याइतकी आपली ओळख नाही. म्हणून ताई म्हणते. आवडलं नाही तर तसं कळवा.

फोनच करणार होते. पण आमच्याकडे फोन यांच्या नजरेखालून जातो. वाईट अर्थाने नाही, सवयच आहे ती. शिकाऊ माणसाला गाडी चालवायला शिकवताना यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, घरी आले तरी पाय तिथेच असतो. हे गमतीत लिहितेय.

आता कारण सांगते. भिंगरीला मागच्या महिन्यात ताप आला होता. ताप गेला, पण तोंडाची चव काही परत आली नाही. ताट पुढे केलं की मान फिरवते. मी नाना प्रकार करून बघितले. शेवटी विचारलं, "तुला काय हवंय ते तरी सांग." तर म्हणाली, "आईचा संडे."

मी लगेच जाऊन आइस्क्रीमची वडी आणली, वरून बाटलीतलं चॉकलेट ओतलं, बाजूला दोन बिस्किटं खोचली. तिने एक चमचा तोंडात घातला, चमचा बशीत ठेवला आणि म्हणाली, "हा संडे नाहीये. हा सोमवार आहे."

मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन थोडं रडले.

तुम्ही कसा करायचात, लिहून पाठवाल का? पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, वर लिहिलाय. मी तिथे दहा ते सहा असते. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि भिंगं बदलून देते. टपाल थेट माझ्याच हातात येतं.

चष्म्याच्या दुकानातली


१२ मार्च

बाई,

मला ताई म्हणू नका. आपल्या दोघींच्या नात्याला आपल्या भाषेत एकच शब्द आहे आणि तो काही लाडाने घ्यायचा नाही. सवतीला संडे कसा करायचा हे लिहून पाठवणारी मी पहिलीच असेन.

तुमचं पत्र चार दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. फाडून टाकणार होते. मी हॉटेलात गोडाच्या टेबलावर काम करते, तुमच्या ह्यांनी सांगितलं असेलच. म्हणजे जे आधी माझे हे होते त्यांनी. दिवसाला साठ-सत्तर संडे माझ्या हातून जातात. त्यातले निम्मे लोक फोटो काढण्यात वितळवतात आणि मग पातळ झाला म्हणून परत पाठवतात. पाचव्या दिवशी असाच एक परत आलेला ग्लास हातात होता. तिकडे माझी पोर उपाशी आहे आणि मी इथे भरलेले ग्लास मोरीत ओततेय, असं मनात आलं. म्हणून लिहायला बसले.

तिला आवडतो तो गरम चॉकलेटचा. उंच काचेचा ग्लास घ्या आणि अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा. बाटलीतलं चॉकलेट फेकून द्या. दोन चमचे लोणी, अर्धी वाटी साखर, पाव वाटी कोको आणि अर्धी वाटी साय मंद आचेवर ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर थर बसला की उतरवा. मग त्यात चिमूटभर मीठ. मीठ विसरायचं नाही, त्याच्याशिवाय नुसता गोडमिट्ट होतो. बोटाला सोसेल इतपत निवू द्या. तळाला आधी चॉकलेट, मग आइस्क्रीमचा गोळा, परत चॉकलेट, परत गोळा. तुम्ही सगळं वरून ओतलंत, तिथेच फसलात. तिला चमचा तळापर्यंत नेऊन खणत खणत खायचं असतं. वर चेरी ठेवू नका, ती उचलून कोणाच्या तरी खिशात टाकते.

तिला बघून मला पाच महिने झाले. महिन्यातले दोन रविवार माझे, तिला इथे आणून पोचवायचं बापाने, असं कोर्टाच्या कागदावर लिहिलंय. कधी तिची परीक्षा असते, कधी ताप, कधी गाडी बंद. मी अर्ज केलाय, जूनमधली तारीख मिळालीय. हे तुम्हाला माहीत असेलच.

पुढचे दोन दात आले का?

भिंगरीची आई


२२ मार्च

ताई (दुसरं काही लिहवत नाही),

ग्लास रिकामा झाला. तळाशी उरलेलं बोटाने पुसून खाल्लं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हा संडे आहे." मग तोंड पुसून विचारलं, "आईने पाठवला?" मी म्हटलं, नाही, मी केला. तुम्ही सांगितलंत हे सांगायला हवं होतं का? ती बापाला जाऊन सांगेल अशी भीती वाटली.

दात आलेत. एक थोडा तिरका आहे, त्यामुळे 'स' म्हणताना शिट्टी वाजते.

रविवारांचं मला खरंच माहीत नव्हतं. मला सांगितलं होतं की तुम्ही आपणहून यायचं बंद केलंत. हॉटेलातल्या कामापुढे मुलगी नकोशी झाली असं. मीही त्यावर विश्वास ठेवला, कारण रविवारी दारावर कोणी आलंच नाही. आता कळलं, न्यायला तुम्ही येणार नव्हतात, पोचवायला इथून कोणी जायचं होतं. परीक्षा मार्चात होती. त्याआधीच्या महिन्यांत कुठली परीक्षा?

मी यांना एकदम काही विचारत नाहीये. विचारलं की विषय माझ्यावरच उलटतो, आणि मग दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज सोडून काही ऐकू येत नाही. पण वेळ बघून बोलेन. मला थोडा वेळ द्या.

तोवर दुसरा एखादा सांगा. फळांचा वगैरे. आता जेवतेय ती, पण जेवण झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत बसते.

चष्म्याच्या दुकानातली


२ एप्रिल

अगं,

तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेस असं वकिलाच्या कागदात वाचलं होतं. तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. आता त्याचा फायदा घेऊन अगं-तुगं करते. चालेल ना?

शिट्टीचं वाचून कामावर दिवसभर 'स'चे शब्द आठवत होते. साखर, साय, सुरी. शेजारच्या टेबलावरचा आचारी म्हणाला, "आज स्वतःशीच काय पुटपुटताय?" मी म्हटलं, सामानाची यादी.

स्ट्रॉबेरीचा कर. फळं चिरून वर साखर भुरभुरव आणि तासभर विसरून जा. आपोआप रस सुटतो. शिजवायची नाहीत, शिजवलं की औषधासारखी लागतात. अर्धी फळं काट्याने ठेच, अर्धी तशीच ठेव. वरून लिंबाचे चार थेंब. ग्लासात भरायचं कसं ते आता तुला येतंच.

दुसरा कॅरामलचा. हा जमला तर तुला माझ्या टेबलावर उभी करेन. जाड बुडाच्या पातेल्यात नुसती साखर. ढवळायची नाही, पातेलंच गोल फिरवायचं. रंग मधासारखा झाला की गडद व्हायच्या आत खाली उतरव आणि कोमट साय थोडी थोडी ओत. भसकन वर येतं, तोंड लांब ठेव. मग लोणी, मग मीठ.

आणि हे करताना भिंगरीला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही. ती कितीही रडली तरी.

तिच्या डाव्या मनगटावर डाग आहे तो तू बघितला असशील. अंघोळीच्या पाण्याने भाजलं असं सगळ्यांना माहीत आहे. पाणी नव्हतं ते, कॅरामल होतं. ती साडेपाच वर्षांची होती. मी दोन पाळ्या लागोपाठ करून दुपारी घरी आले होते. तिने हट्ट केला, मी साखर चढवली आणि स्टुलावर बसले. बसल्या बसल्या डोळा लागला. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. तिच्या किंकाळीने उठले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पाणी असं निघालं. मग तिलाही तसंच सांगायला शिकवलं. पाच वर्षांच्या पोरीला मी खोटं पाठ करायला लावलं, आणि ती शहाण्यासारखी आजवर तेच सांगत आलीय.

हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण आता तिच्या आणि शेगडीच्या मध्ये तू उभी असतेस. साखर पाण्यासारखी ओघळून जात नाही, कातडीला चिकटते. एवढं लक्षात ठेव.

भिंगरीची आई


२८ एप्रिल

ताई,

कॅरामल पहिल्यांदा जळलं, दुसऱ्यांदा खडे झाले, तिसऱ्यांदा जमलं. भिंगरीला बाहेर खुर्चीवर बसवलं होतं. तिथून दर मिनिटाला "झालं का?" विचारत होती. तुम्ही मध्ये घाईत पाठवलेल्या कार्डावरचा अननसाचाही करून झाला. त्या दिवशी शाळेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, "माझी छोटी आई करते." छोटी आई हे तिचं तिनेच काढलंय. मी शिकवलेलं नाही, खरंच.

डागाबद्दल जे लिहिलंत ते वाचून दुकानात कामात लक्ष लागेना. एका आजोबांना चुकीची भिंगं लावली, ते म्हणाले, "भिंत वाकडी दिसतेय, पोरी." ताई, दोन पाळ्या करून आलेल्या बाईचा डोळा लागणारच. तेव्हा मुलीचा बाप कुठे होता, हे कोणी विचारलं नाही वाटतं.

आता आनंदाचं. काल यांनी कॅरामलचा संडे दोनदा मागून घेतला. "कुठे शिकलीस?" म्हणाले. मी म्हटलं, मासिकात वाचला. हसले. मूड चांगला बघून मी हळूच काढलं, की भिंगरीला एखाद्या रविवारी आईकडे पाठवायला काय हरकत आहे, मी सोडून येईन. मला वाटलं ताट आपटतील. तर शांतपणे म्हणाले, "ने की. पुढच्या रविवारी ने."

म्हणजे पाच तारखेला. अकरापर्यंत पोचू. मी दाराशी सोडून निघून जाईन, तुम्हाला अवघड वाटायला नको.

तुमची, चष्म्याच्या दुकानातली


१ मे

अगं,

निघून कशाला जातेस? आत ये.

मी रविवारची सुट्टी मागून घेतली. मुख्य आचारी म्हणाला, "किती महिन्यांनी रविवार मागताय, नाही कसं म्हणू." माझी खोली एवढीशी आहे, पलंग आणि टेबल एकमेकांना चिकटून. पण शेजारणीचा फ्रीज मोठा आहे, तिने वरचा कप्पा रिकामा करून दिलाय. भिंगरीला स्ट्रॉबेरीचा लागेल, मला माहीत आहे. बटरस्कॉचचे खडे आज फोडून डब्यात भरून ठेवले. आणि एक कॉफीचा करणार आहे, तो तुझ्यासाठी. तुला कॉफी आवडते की नाही कोण जाणे, पण चष्मे विकणारी माणसं कॉफी पीत असावीत असं मला उगीचच वाटतं.

मला त्याने कधी विचारलं नाही ग, कुठे शिकलीस म्हणून. सात वर्षांत एकदाही नाही. तुझं नशीब बरं दिसतंय.

तिला लाल बुटांतच आण, लहान झाले असतील तर राहू दे.

भिंगरीची आई


१४ मे

बाई,

परत 'तुम्ही'वर आले आहे.

पाच तारखेला मी अकरापासून दाराशी होते. बारा वाजता वाटलं बस चुकली असेल. एक वाजता ग्लास परत शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवून आले. तीन वाजता तिने विचारलं, "आले का गं पाहुणे?" मी म्हटलं, रस्त्यात आहेत. चार वाजता स्ट्रॉबेरीचा तिच्या नातवंडांना दिला. कॉफीचा मी खाल्ला, उभ्या उभ्या.

मंगळवारी कोर्टाचं पाकीट आलं. मी केलेल्या अर्जाला तुमच्या ह्यांचं उत्तर. माझ्याकडे मुलीला पाठवणं धोक्याचं आहे, आहेत ते रविवारही बंद करावेत, असं त्यात म्हटलंय. आणि पुराव्यादाखल एका पत्राची प्रत जोडलीय. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही, माझंच आहे. 'स्टुलावर बसले' पासून 'पाठ करायला लावलं' पर्यंत खाली लाल रेघ मारलीय. रेघ पट्टीने मारलीय, सरळ आहे. स्ट्रॉबेरीचा कसा करायचा तो भाग मात्र तसाच सोडलाय, त्याचा कोर्टाला उपयोग नसावा.

वकील म्हणाले, "हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत? कोणाला?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढी वर्षं वकिली करतात, पण त्यांनाही असं गिऱ्हाईक भेटलं नसावं.

मी एकच विचारते. पहिलं पत्र तुम्ही लिहिलंत तेव्हा ती खरंच जेवत नव्हती का?

भिंगरीची आई


२० मे

ताई,

ती जेवत नव्हती. हे तरी माझं खरं माना.

तुमची पत्रं मी दुकानाच्या खणात कुलपात ठेवते. ते एकच पत्र घरी नेलं होतं. कॅरामल दोनदा बिघडलं, तोंडपाठ होईना, म्हणून तिसऱ्यांदा करताना पत्र ओट्यावर समोर ठेवलं. झाल्यावर पिठाच्या डब्याखाली सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात न्यायचं विसरले. आठवण झाली तेव्हा ते तिथेच होतं, घडीही तशीच होती. मला वाटलं, कोणी बघितलं नाही. पण माझ्याआधी ते कोणीतरी वाचून, त्याची प्रत काढून परत ठेवलं होतं. पुढच्या रविवारी ने, म्हणाले, तेव्हा त्यांनी ते वाचलेलं होतं. म्हणून हसले होते. मी मासिकात वाचलं म्हटल्यावर हसले.

रविवारी सकाळी भिंगरीला बूट घातले, आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. हे गाडी शिकवायला गेले होते. दुपारी आले आणि म्हणाले, "तुझी मैत्रीण वाट बघत असेल नाही?" मैत्रीण म्हणाले. त्याच्या पुढचं मी लिहीत नाही.

जूनमध्ये मलाही कोर्टात यायला सांगितलंय. मी काय बोलायचं ते यांच्या वकिलांनी लिहून दिलंय. भिंगरी शेगडीला घाबरते असं म्हणायचं. ती घाबरत नाही, ती तर माझ्या मागे मागे असते. मी खरं तेच सांगेन. तुम्ही मला काय सांगायचं ते लिहा.

तुमची, चष्म्याच्या दुकानातली


२६ मे

बाई,

फार नको. दोनच गोष्टी सांगा. तुम्हाला सांगण्यात आलं होतं की आई येत नाही, आणि ते खोटं होतं. आणि ते पत्र मी का लिहिलं, की मुलीला पुन्हा भाजू नये म्हणून. डाग माझ्या हातून पडला हे मी नाकारणार नाही. मला शिक्षा झाली तर ती भोगीन. पण पत्र कशासाठी लिहिलं हे त्या पत्रात लाल रेघेच्या खालीच लिहिलंय, आणि तिथे कोणी वाचत नाही.

तेवढं सांगा, मग तुमची चूक होती असं मी कधी मनातही आणणार नाही.

भिंगरीची आई


२३ जून

ताई,

तुम्ही समोरच होतात, सगळं ऐकलंत. तरी लिहिते. दहा दिवस लिहीन-लिहीन करतेय.

"हे अक्षर कोणाचं?" "तिच्या आईचं." "पत्र तुम्हाला आलं?" "हो." "मुलगी तुमच्याकडे सुखात आहे?" "हो." एवढं सगळं खरंच होतं. मी वाट बघत होते की पुढचं कोणीतरी विचारेल. मग न्यायाधीश बाईंनी स्वतः विचारलं, अगदी मऊ आवाजात, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हिरवी साडी नेसला होतात आणि मांडीवर हात घट्ट धरून बसला होतात. आणि मी म्हणाले, "नाही."

यांच्या भीतीने म्हणाले असं लिहिणार होते. तसं लिहून एक पत्र फाडूनही टाकलं. भीती होतीच, पण त्या क्षणी ती आठवत नव्हती. मला आठवली दुकानातली गोष्ट. कोर्टाच्या आदल्याच आठवड्यात भिंगरीला दुकानात घेऊन गेले होते. एका बाईंनी विचारलं, "मुलगी का तुमची?" मी हो म्हणाले, आणि भिंगरीने ते ऐकून माझा हात धरला. मी तिथे सगळं सांगितलं असतं तर आज ना उद्या ती तुमच्याकडे गेली असती. घरात मग मी आणि हेच राहिलो असतो.

असं आहे ते. ह्याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

महिन्यातून एक तास, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, बाई समोर बसलेल्या, बाहेरचं खाणं न्यायचं नाही. निकाल मीही वाचला. पहिली भेट येत्या शनिवारी आहे ना? तिला मी लाल बूट घालून पाठवेन. नवे घेतलेत.

आणखी एक आहे, पण मागायला तोंड नाही. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. तिने कुठल्या तरी चित्रात केळ्याचा संडे बघितलाय, लांब बशीतला. माझ्या मागे लागलीय. मी दोनदा केला, केळं काळं पडतं आणि सगळं एकमेकांत वाहून जातं. नाही सांगितलंत तरी मी समजेन.

चष्म्याच्या दुकानातली


१ जुलै

बाई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. शनिवारच्या भेटीनंतर ठरवलेलं बदलावं लागलं, म्हणून लिहितेय. समेट समजू नका.

खोलीत एक गोल टेबल होतं, तीन बुटक्या खुर्च्या आणि एका पेटीत खेळणी, बहुतेकांची चाकं गेलेली. नोंद घेणाऱ्या बाई खिडकीशी वही उघडून बसल्या होत्या. भिंगरी आली, दारात थांबली. उंच झालीय. मी जवळ घेतलं तर अंग ताठ करून उभी राहिली, ओळखीच्या कोणी काकूंनी घेतल्यासारखी. आठ महिन्यांत असं होत असेल. पहिली वीस मिनिटं माझे प्रश्न आणि तिची एका शब्दाची उत्तरं. शाळा? बरी. मैत्रिणी? आहेत. त्या बाईंना वहीत लिहायलाही काही मिळेना.

मग मला सुचलं ते मी विचारलं. म्हटलं, "हल्ली काय आवडतं गं खायला?"

तिथून तिचं तोंड सुटलं. छोटी आई संडे करते, चार प्रकारचे. तुला माहितीये का, आइस्क्रीम काढायचा चमचा आधी गरम पाण्यात बुडवायचा, म्हणजे गोळा चटकन सुटतो. छोट्या आईनेच शोधून काढलंय. आणि साखर वितळताना ढवळायची नसते, तुला माहीत नसेल. 'स'ला अजून शिट्टी वाजते.

मी म्हटलं, "हो का? मला नव्हतं माहीत."

ती म्हणाली, "तू तर आधी करायचीस ना?"

"करायचे, पण असे नाही. विसरले आता. तू शिकवतेस का?"

खुर्ची ओढून माझ्या शेजारी आली. खेळण्यातला एक पेला घेतला, चिंध्यांचा चेंडू घेतला, आणि उरलेला सगळा वेळ मला स्ट्रॉबेरीचा संडे भरायला शिकवत बसली. मी मुद्दाम दोनदा चुकले. तिने माझा हात धरून सुधारलं. डाव्या हाताने धरला होता, डाग अगदी माझ्या डोळ्यांसमोर. नोंद घेणाऱ्या बाईंनी "वेळ झाली" म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वेळी केळ्याचा शिकवते. छोट्या आईला अजून नीट येत नाही, पण येईल तोवर."

तुम्ही कोर्टात माझं काय केलंत ते मी विसरणार नाही. माफ केलं वगैरेही लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. ते संडे कोणाचे हे तिला सांगू नका, आता सांगाल तर मला शिकवायला तिच्याकडे काही उरणार नाही. तो एक तास मग 'शाळा बरी' आणि 'मैत्रिणी आहेत' यातच जाईल.

केळं पिवळं घ्या, सालीवर चार-पाच तपकिरी ठिपके असलेलं. ठिपके नसतील तर कच्चं लागतं, जास्त असतील तर लगदा होतो. बशी आधी गार करून ठेवा. केळं उभं चिरायचं, आणि चिरायचं अगदी शेवटी, बाकी सगळी तयारी झाल्यावर. आधी चिरून ठेवता म्हणून काळं पडतं. दोन्ही फाका बशीच्या दोन कडांना उभ्या लावा, मधल्या जागेत तीन गोळे घट्ट बसवा, म्हणजे एकमेकांना धरून राहतात. प्रत्येक गोळ्यावर वेगळं ओतायचं: एकावर चॉकलेट, एकावर स्ट्रॉबेरी, एकावर अननस. चमचाभरच ओता. तुम्ही हात सैल सोडत असणार, म्हणून वाहून जातं. वरून भाजून गार केलेले बदाम.

तिच्याकडून चार वेळा तरी करून घ्या. ती सत्तावीस तारखेला मला शिकवणार आहे. तिथे तिचं काही चुकलं तर मला सुधारता येणार नाही.

भिंगरीची आई